शाळेत २७ पॉइंट मारणारा गार्ड कॉलेजला चालेल का?

शनिवारी पहाटे साडेपाचला मी पुण्यात चहा ठेवतो आणि लॅपटॉपवर अमेरिकेतल्या एका हायस्कूलची बास्केटबॉल मॅच लावतो. तिकडे शुक्रवारचे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. माझ्या मावसबहिणीचा मुलगा त्या शाळेच्या संघात गार्ड आहे, बारावीत. मागच्या महिन्यात मॅच संपल्या संपल्या त्याचा मेसेज आला, "मामा, २७!" पाठोपाठ त्याच्या आईचा फोन. "दादा, सत्तावीस मारतोय पोरगा, तरी एकाही मोठ्या कॉलेजकडून फोन नाही. काय कमी आहे रे याच्यात?"

हा प्रश्न सध्या तिकडे बऱ्याच घरांत विचारला जातोय, कारण कॉलेजचा बास्केटबॉल गेल्या काही वर्षांत पार बदललाय. १ जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येऊ लागले. जून २०२५ मध्ये कोर्टाने एक तडजोड मंजूर केली आणि कॉलेजं स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षी, २०२५-२६ मध्ये, एका कॉलेजने सगळ्या खेळांत मिळून वाटायची मर्यादा होती साधारण दोन कोटी पाच लाख डॉलर. शिवाय 'ट्रान्सफर पोर्टल' आहे, २०१८ मध्ये सुरू झालेली यादी. तिच्यात नाव टाकलं की खेळाडू दुसऱ्या कॉलेजशी बोलायला मोकळा. पूर्वी असं कॉलेज बदललं की सहसा एक वर्ष बाकावर काढावं लागे, आता लागत नाही.

म्हणजे कोचसमोर एका बाजूला १८ वर्षांचा नवखा, दुसऱ्या बाजूला तीन वर्षं कॉलेज खेळून पोर्टलमधून आलेला २२ वर्षांचा गडी. नोकरी दोघांपैकी एकावर अवलंबून असेल तर कोच कोणाला घेईल ते सांगायला नको. म्हणून 'हा पोरगा पुढे चांगला होईल' एवढ्यावर आता भागत नाही, 'हा पहिल्या दिवशी किती कामाचा' हे विचारलं जातं. त्याचं उत्तर कसं शोधतात, ते बघू.

गार्ड म्हणजे नेमका कोण?

पाच जणांत साधारण दोघं गार्ड असतात. उंचीने कमी, चेंडू हाताळण्यात तरबेज. त्यातला पॉइंट गार्ड चेंडू वर आणतो आणि आता काय खेळायचं ते ठरवतो. लग्नाच्या पंगतीत एक जण असतो बघा, जो स्वतः भांडं कमी उचलतो पण "त्या ओळीत वरण गेलं नाही" हे त्यालाच दिसतं. तो पॉइंट गार्ड. दुसऱ्याचं मुख्य काम लांबून नेम साधणं. हल्ली बहुतेकांकडून दोन्हींची अपेक्षा असते.

रिंगजवळ खेळणाऱ्या उंच सेंटरच्या बाबतीत कोच थोडं सांभाळून घेतो, सात फुटाचं शरीर शिकवून येत नाही. गार्डच्या बाबतीत तसं नाही. सहा फुटांची, चपळ, चेंडू हातात खेळवणारी मुलं प्रत्येक शाळेत असतात, म्हणून चाळण बारीक लागते.

खेळ तोच, पण मापं बदलतात

हायस्कूलचं कोर्ट साधारणपणे ८४ फूट लांब, कॉलेजचं ९४. शाळेची मॅच ३२ मिनिटांची, पुरुषांची कॉलेज मॅच ४० मिनिटांची. तीन पॉइंटची रेषा शाळेत १९ फूट ९ इंचांवर, तर २०१९-२० च्या हंगामापासून कॉलेजच्या वरच्या श्रेणीत, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, २२ फूट पावणेदोन इंचांवर. जवळपास अडीच फूट मागे. पुरुषांच्या कॉलेज खेळात ३० सेकंदांचा शॉट क्लॉक असतो, तेवढ्यात चेंडू बास्केटकडे फेकावाच लागतो. हायस्कूलला ३५ सेकंदांचा क्लॉक लावायची मुभा राज्यांना २०२२-२३ पासून मिळाली, पण बऱ्याच राज्यांनी तो अजून लावलेला नाही. तिथे गार्ड चेंडू थोपटत निवांत विचार करू शकतो.

ही मापं वहीत लिहून ठेवण्यासारखी आहेत, पण खरा फरक समोरच्या माणसात आहे. शाळेत याला अडवणारा पाच फूट नऊ इंचांचा, उद्या केमिस्ट्रीचा पेपर असलेला मुलगा असतो. कॉलेजात सहा फूट चार इंचांचा, चार वर्षं वजनं उचललेला, पंख्याच्या पात्यासारखे हात असलेला पुरुष. टेनिस बॉलवर गल्ली गाजवलेला पोरगा पहिल्यांदा लेदर बॉलसमोर उभा राहतो तेव्हा त्याला फटका येत नसतो असं नाही. फटका तोच असतो, पण बॅट खाली येईपर्यंत चेंडू गेलेला असतो. गार्डचंही तेच. कॉलेज त्याच्या हातातला अर्धा सेकंद काढून घेतं. मग परीक्षा अशी की तो अर्धा सेकंद गेल्यावर त्याच्या खेळातलं किती शिल्लक राहतं?

मग ते २७ पॉइंट गेले कुठे?

कुठेच गेले नाहीत. पण त्यांची किंमत समोर कोण होतं यावर ठरते. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने आंतरशालेय सामन्यात नाबाद १००९ धावा काढल्या. जगात कोणी न केलेला विक्रम, आणि त्याची दमछाक, त्याची भूक खरीच होती. तरी दुसऱ्या दिवशी कोणी त्याला मुंबईच्या रणजी संघात घेतलं नाही. शालेय धावांमधून निवड करणाऱ्याला शालेय गोलंदाजी वजा करावी लागते.

दुसरी गोष्ट, सत्तावीस किती फेकींत? यासाठी 'ट्रू शूटिंग' नावाचा एक हिशोब आहे. फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फेकींच्या, संख्येला ०.४४ ने गुणायचं, त्यात बाकीच्या फेकी मिळवायच्या, दुप्पट करायची आणि पॉइंटना तिने भागायचं. संधी किती खाल्ली आणि पदरात काय पडलं, एवढंच तो सांगतो. त्या मॅचमध्ये आमच्या भाच्याने २४ फेकी आणि ६ फ्री थ्रो घेतले. हिशोब येतो ५१ टक्क्यांच्या आत. समोरच्या संघातल्या एका शांत पोराने १७ पॉइंट केले, पण ११ फेकी आणि ४ फ्री थ्रोमध्ये: ६६ टक्क्यांच्या वर. कॉलेजात ५५ च्या आसपास असणं म्हणजे ठीकठाक. प्रेक्षकांत बसलेला कॉलेजचा सहायक कोच त्या सतरावाल्याचं नाव विचारून गेला असेल, तर मला नवल वाटणार नाही. हे मी बहिणीला अजून सांगितलेलं नाही.

तिसरी गोष्ट जरा कडू आहे. आईवडील सांगतात, "तीन पॉइंटचे ४० टक्के मारतो." एका हंगामात ३० मॅच, मॅचला चार फेकी, झाल्या १२० फेकी. एवढ्या थोड्या फेकींत मुळात ३५ टक्क्यांची लायकी असलेला मुलगा नुसत्या नशिबाने २७ ही दाखवू शकतो आणि ४३ ही. म्हणून अनुभवी लोक फ्री थ्रो बघतात. अंतर तेच, अडवणारं कोणी नाही, हाताचं वळण उघडं पडतं. ८० टक्क्यांच्या वर फ्री थ्रो असतील तर अडीच फूट मागे गेल्यावरही नेम टिकेल अशी आशा धरता येते. आमचा सत्तरच्या जरा वर आहे.

एका हातगाडीआड चार रस्ते

आकड्यांनी निम्मं कळतं. उरलेलं बघावं लागतं, आणि बघायची जागा म्हणजे 'स्क्रीन'.

स्क्रीन म्हणजे आपला एक साथीदार माझ्या बचावपटूच्या वाटेत खांबासारखा उभा राहतो. मंडईच्या गर्दीत मागून येणाऱ्याला चुकवायचं असेल तर आपण हातगाडीला खेटून वळतो, मागचा अडकतो. तसंच. मात्र खेटूनच वळायला हवं. खांदा आणि हातगाडी यांत फूटभर फट ठेवली तर मागचाही त्याच फटीतून येतो. शाळेतले निम्मे गार्ड ही फट ठेवतात आणि तरी पुढे निघून जातात, कारण मागचा हळू असतो.

वळल्यावर समोर काय असेल ते बचाव ठरवतो. उंच गडी मागे रिंगजवळ थांबला तर मधल्या मोकळ्या जागेतून हलकी उचलती फेक. दोघंही अंगावर धावून आले तर चेंडू ताबडतोब सोडायचा, कारण कुठेतरी आपला एक जण मोकळा झालाय. दोघांनी माणसं बदलली तर संथ उंच गड्याला खेळवायचं. आणि माझा बचावपटू हातगाडीच्या पलीकडून वळसा घालून आला, तर जागेवरून तीन पॉइंटची फेक. चार रस्ते, आणि कोणता घ्यायचा ते एका ड्रिबलच्या, म्हणजे चेंडू एकदा आपटण्याच्या, आत कळायला हवं. शाळेत दोन ड्रिबल लागले तरी निभतं.

त्या २७ च्या मॅचमधला दुसऱ्या क्वार्टरचा एक प्रसंग मी तीनदा मागे नेऊन पाहिला. स्क्रीन आला, दोघं अंगावर आले. भाच्याने चेंडू दोन्ही हातांत घेतला, म्हणजे ड्रिबल संपला, आता पळता येणार नाही. मग उडी मारून डोक्यावरून लांब, फुग्यासारखा पास कोपऱ्यात टाकला. पोहोचला. तिकडून बास्केट झाली, टाळ्या पडल्या, याच्या नावावर असिस्ट, म्हणजे बास्केट करवून देणारा पास, लागला. कॉलेजात तो पास हवेत असतानाच कोणीतरी तोडला असता आणि पलीकडे जाऊन उडी मारून रिंगमध्ये कोंबला असता. तयार गार्ड ड्रिबल चालू ठेवून, एका हाताने, छातीच्या उंचीवरून तोच पास सपाट मारतो. कागदावर दोन्ही असिस्टच.

वहीत आणखी काय

मी दोन रकाने आखतो, उजवा आणि डावा. त्या दिवशी भाचा उजवीकडून १९ वेळा आत घुसला, डावीकडून ३ वेळा. कॉलेजचा बचाव आदल्या दिवशी व्हिडिओ बघून येतो. त्याला हे तीन मिनिटांत कळेल आणि उजवी वाट बंद होईल.

चेंडू हातात नसतानाचा खेळ बघणं कंटाळवाणं असतं, म्हणून कोणी बघत नाही. शाळेत चेंडू कायम याच्याच हातात. कॉलेजच्या पहिल्या वर्षी तो बहुधा कोपऱ्यात उभा असेल आणि पास आल्याक्षणी फेक करणं किंवा पुढे देणं एवढंच त्याचं काम असेल. आमचा हीरो चेंडू दुसऱ्याकडे गेला की कमरेवर हात ठेवून उभा राहतो, नळावर पाण्याची वाट बघितल्यासारखा.

बचावाचं तर विचारूच नका. बऱ्याच शाळांचे कोच आपल्या हुकमी खेळाडूला 'झोन'मध्ये ठेवतात, म्हणजे माणसाऐवजी जागा राखायची, दमणूक कमी. त्यामुळे वेगवान गार्डला मागे सरकत अडवणं त्याने कधी केलेलंच नसतं. खरं तर इथे नवख्याला संघात जागा मिळायची सगळ्यात सोपी वाट आहे. पॉइंट करणारे कोचकडे असतातच. समोरच्याला ९४ फूट त्रास देणारा मिळाला तर तो दहा मिनिटं तरी खेळवतो.

आणि चेंडू गमावल्यानंतरचे तीन सेकंद. काही जण उलट फिरून धावतात. काही जण पंचाकडे बघून तळवे पसरतात. आमचा तळवेवाला.

"पण स्टीफन करीलाही कोणी विचारलं नव्हतं!"

हा आक्षेप दर वेळी येतो आणि तो खरा आहे. करी म्हणजे पुढे एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये गाजलेला नेमबाज गार्ड. करीचे वडील व्हर्जिनिया टेककडून खेळले होते, पण त्या कॉलेजने मुलाला स्कॉलरशिप दिली नाही, स्वखर्चाने संघात ये म्हणाले. सडपातळ, अंगाने लहान. तो डेव्हिडसन नावाच्या छोट्या कॉलेजात गेला. नोव्हेंबर २००६, कॉलेजची पहिलीच मॅच, इस्टर्न मिशिगनविरुद्ध: १३ वेळा चेंडू गमावला. तेरा! शाळेत कोणी न हिसकावलेला चेंडू त्या दिवशी कोणीही हिसकावत होतं. कोच बॉब मॅककिलॉप यांनी त्याला बाकावर बसवून ठेवलं नाही. पुढच्याच मॅचमध्ये मिशिगनविरुद्ध त्याने ३२ पॉइंट केले, आणि ते वर्ष मॅचला साडेएकवीसच्या सरासरीने संपवलं.

यातून 'अंदाज सगळे खोटे' असा अर्थ काढणारे बरेच आहेत. मला उलट वाटतं. करीचं अंग तयार नव्हतं, हे मोठ्या कॉलेजांनी बरोबर ओळखलं. चुकले ते नेमाची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच फेक घ्यायच्या हिमतीची किंमत लावण्यात. आणि ज्या कॉलेजात तेरा चुका परवडतात तिथे तो गेला, हे विसरून चालणार नाही. मोठ्या संघात पाचव्या चुकीला त्याला बसवलं असतं.

'जा मोरंट' नावाच्या गार्डची गोष्ट वेगळी, तिथे बघणारेच नव्हते. दक्षिण कॅरोलिनातला हा मुलगा एका शिबिरात बाजूच्या छोट्या हॉलमध्ये खेळत होता. मरे स्टेट कॉलेजचा सहायक कोच दुसऱ्याच कोणाला बघायला आला होता, काहीतरी खायला घ्यायला बाहेर पडला आणि चेंडूच्या आवाजाने आत डोकावला. २०१८-१९ मध्ये मोरंटने मॅचला २४.५ पॉइंट आणि १० असिस्ट अशी सरासरी ठेवली, आणि २०१९ च्या एनबीए निवडीत त्याचं नाव दुसरं आलं. शाळकरी खेळाडूंना तारे देणाऱ्या संकेतस्थळांवरच्या याद्यांबद्दल मी यापेक्षा जास्त काही बोलत नाही.

"उंचीवरून नाकारणं अन्याय नाही का?"

आहे थोडा. पण कोच आता नुसती उंची विचारत नाहीत, हातांची लांबी विचारतात. पाच फूट अकरा इंचांच्या मुलाचे पसरलेले हात सहा फूट चार इंच भरले तर बचावात तो उंचच. याखेरीज एक साधी कसोटी: आत घुसल्यावर धक्का बसला तर हा कुठे जातो? धक्का खाऊन सरळ वर उठला तर ठीक. बाजूला फेकला जाऊन मग फेक करत असेल तर अजून एक वर्ष व्यायामशाळा. वजन वाढवता येतं, ही त्यातल्या त्यात बरी बातमी.

तयार नसेल तर काय?

'कॉलेज' म्हणजे एकच पायरी नव्हे, हे आपल्याकडच्या पालकांच्या पटकन लक्षात येत नाही. अमेरिकेत पाच लाखांहून जास्त मुलगे हायस्कूलला बास्केटबॉल खेळतात. त्यांतले शंभरात तीन-चार एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या मुख्य संघटनेच्या, कुठल्या ना कुठल्या श्रेणीत पोहोचतात आणि डिव्हिजन वनमध्ये जेमतेम एक. डिव्हिजन वनमध्येच साडेतीनशेहून जास्त कॉलेजं आहेत, त्यांच्या वरच्या आणि खालच्या टोकात जमीन-अस्मानाचा फरक. खाली डिव्हिजन टू आहे, तिथे स्कॉलरशिप असते. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची स्कॉलरशिप नसते, पण अभ्यासावर किंवा घरच्या परिस्थितीवर मदत मिळते. हार्वर्ड, येलची आयव्ही लीग डिव्हिजन वनमध्ये असूनही खेळाची स्कॉलरशिप देत नाही. दोन वर्षांची ज्युनिअर कॉलेजं आहेत. बारावीनंतर एक जादा वर्ष निवासी शाळेत काढणारेही आहेत.

आणि अभ्यास. डिव्हिजन वनसाठी ठरावीक १६ विषय आणि त्यांत ४ पैकी किमान २.३ गुणांची सरासरी लागते, त्यांतले १० विषय बारावी सुरू होण्याआधी संपलेले हवेत. मराठी घरांत इथे सहसा अडत नाही. आमच्या बहिणीने तर सरासरी आधी पाठवली, मॅचचा व्हिडिओ नंतर.

मी तिला काय सांगितलं? की तो आज डिव्हिजन वनच्या मोठ्या संघात पाच मिनिटंही टिकणार नाही. डिव्हिजन थ्रीच्या चांगल्या संघात पहिल्याच वर्षी खेळेल. आणि डावा हात आला, फ्री थ्रो ऐंशीवर गेले, तर दोन वर्षांनी त्याच पोर्टलमधून वर जायची वाट उघडी आहे, कारण ते पोर्टल आज त्याच्या आड येत असलं तरी तेव्हा त्याच्याही कामी येईल. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हे तूच सांग त्याला. माझ्यावर चिडतो."

त्याला मी वहीच्या पानाचा फोटो पाठवला, १९ आणि ३. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी एक व्हिडिओ आला. गॅरेजसमोरच्या रिंगपासून त्याचे बाबा टेप धरून मागे मागे जातायत, २२ फूट पावणेदोन इंच. टेप संपतो तिथे काँक्रीटही संपलंय, पुढे शेजाऱ्यांचं गवत. दोघं जरा वेळ तिथे उभे राहतात, एकमेकांकडे बघतात, आणि पोरगा चेंडू डाव्या हातात घेऊन गवतात जाऊन उभा राहतो.